स्कारा ब्रे एका रात्रीत गाडलं गेलं नव्हतं

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, तिथल्या स्कारा ब्रे या अश्मयुगीन गावाबद्दल एक गोष्ट कायम फिरते की ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहर पॉम्पेईसारखं तेही अचानक, पण वादळात वाळूखाली गेलं, पळताना एका बाईची माळ तुटली अन् मणी दारातच सांडले. मणी खरंच सापडलेत, पण तेवढ्यावरून पळापळ कशी सिद्ध होते? ही गोष्ट रुजली ती १९२८-३० मधल्या पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्डच्या उत्खननामुळे, आणि त्याने तर आधी गावाचा काळही हजारो वर्षांनी चुकवला होता! १९७० च्या दशकात परत खोदकाम झालं, रेडिओकार्बनने (अवशेषांतल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत) वस्ती साधारण इ.स.पू. ३१८० ते २५०० ची निघाली, आणि लोक हळूहळू निघून गेले असंच आता बहुतेक अभ्यासक मानतात. १८५० च्या वादळाने तर उलट वाळू उडवून ती दगडी घरं उघडी केली.