तांब्याच्या चार ओळी, अ‍ॅल्युमिनियमच्या दोन: आधी ट्यूब मोजा, मग रेडिएटर घ्या

"चार ओळींचा तांब्याचा रेडिएटर काढून दोन ओळींचा अ‍ॅल्युमिनियमचा टाकायचा? म्हणजे निम्माच झाला की!" ट्रॅकसाठी गाडी तयार करणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही. ओळी म्हणजे रेडिएटरच्या जाळीत एकामागे एक बसवलेल्या, गरम पाणी वाहणाऱ्या ट्यूबांच्या रांगा. पुढे काय होतं तेही ठरलेलं असतं. माणूस हट्टाने चार ओळींचा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर मागवतो, तो कसाबसा कोंबून बसवतो आणि गाडी तरीही तापते.

तांब्या-पितळेचा रेडिएटर तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. पितळेच्या ट्यूब, तांब्याच्या फिन (ट्यूबांना चिकटलेल्या, उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या), जोडायला शिसं-कथलाचा डाग (सोल्डर), वरून काळा रंग. गळला की गल्लीतला कारागीर तासाभरात झाळून देतो. त्यावर जास्त लिहीत नाही. वजनाचा फरकही उघड आहे: तांब्याची घनता घनसेंटीमीटरला 8.96 ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची 2.7. आणखी एक बारीकशी गोष्ट, म्हणजे आजच्या बहुतेक गाड्यांच्या कंपनी रेडिएटरची जाळीही अ‍ॅल्युमिनियमचीच असते, फक्त टाक्या प्लास्टिकच्या असतात. रेसिंगवाले ज्याला 'फुल अ‍ॅल्युमिनियम' म्हणतात त्यात टाक्याही अ‍ॅल्युमिनियमच्या, टिग वेल्डिंगने जोडलेल्या.

आता ओळींचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

एका कारागिराने माझ्यासमोर भंगारातली तांब्याची जाळी करवतीने आडवी कापली होती. कापलेल्या तोंडावर चपट्या ट्यूबांच्या चार ओळी एकामागे एक दिसत होत्या. व्हर्नियर लावला तर एकेक ट्यूब अर्ध्या इंचाची, म्हणजे 12.7 मिमी. दोन ओळींच्या मध्ये जवळपास 5 मिमी जागा रिकामी. फिन त्या जागेतूनही जाते, पण तिथे तिला ट्यूब चिकटलेली नसते. हिशोब करा: ट्यूबची एकूण रुंदी 51 मिमीच्या आसपास, आणि जाळी मात्र 66 मिमी जाड.

पितळेची ट्यूब याहून फार रुंद करता येत नाही. तिची भिंत पातळ असते. रुंद केली तर दाबाखाली फुगते, आणि भिंत जाड केली तर वजन वाढतं. अ‍ॅल्युमिनियम हलकं असल्याने भिंत जाड ठेवणं परवडतं, म्हणून ट्यूब 1 इंच, सव्वा इंच अशा रुंद मिळतात. 1 इंचाच्या दोन ओळी म्हणजे पुन्हा तेच 51 मिमी, पण मध्ये रिकामी जागा एकदाच, त्यामुळे जाळी साधारण 56 मिमी. फिनला ट्यूब तेवढीच चिकटलेली आणि हवेच्या वाटेतला अडथळा सेंटीमीटरभर कमी. सव्वा इंचाच्या दोन ओळी घेतल्या तर त्या चार ओळींना मागे टाकतात. म्हणून ओळींचा आकडा एका धातूवरून दुसऱ्या धातूवर नेऊन तुलना करायची नसते. विक्रेत्याला ट्यूबची रुंदी विचारा. ती सांगता येत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

"पण तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं ना?" नेतं, निर्विवाद. तांब्याच्या उष्णतावाहकतेचा आकडा 400 च्या घरात, अ‍ॅल्युमिनियमचा 237. पण रेडिएटरमध्ये उष्णता अडते ती फिनवरून हवेत जाताना, धातूच्या आत नाही. शिवाय तांब्याच्या जाळीत ट्यूब आणि फिन यांच्यामध्ये डागाचा थर येतो, आणि तो दोन्ही धातूंपेक्षा खूपच मंद वाहक आहे.

हवा महत्त्वाची, म्हणूनच जाडीचा हव्यास मला पटत नाही. पहिल्या ओळीला ताजी हवा मिळते, मागच्या ओळींना आधीच तापलेली. जाळी जाड झाली की तिच्यातून हवा ओढताना फॅनचाही दम निघतो. एका मित्राच्या हॅचबॅकमध्ये एसीच्या कंडेन्सरमागे (रेडिएटरपुढे बसणारी एसीची जाळी) अशीच जाडजूड जाळी बसवली होती. ट्रॅकवर निभावलं, पण पिटमध्ये रांगेत उभी राहिली की तापमानाचा काटा चढायचा. आधी लांबी-रुंदी वाढवा. समोर जागाच उरली नाही तर जाडीकडे वळा.

बसवताना तीन गोष्टींवर मी अडून बसतो. पहिली, हवेची वाट. बंपरपासून जाळीपर्यंत पत्रा किंवा फोम लावून बाजूच्या फटी बंद करा, कारण हवेला जाळीच्या बाजूने पळायला वाव असेल तर ती जाळीतून जात नाही. फॅनला पूर्ण जाळी झाकणारं श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं आवरण, हवंच. फिनमधून प्लास्टिकचे टाय ओवून लटकवलेला फॅन दिसला की मला खरंच राग येतो. कंपनाने ते टाय ट्यूबला घासून भोक पाडतात.

दुसरी, झाकण. 1 बारचं झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू 100 वरून 120 अंशांवर नेतं. पण क्रॉसफ्लो रेडिएटरमध्ये (ज्यात पाणी एका बाजूच्या टाकीतून दुसऱ्या बाजूच्या टाकीत आडवं जातं) ते पंपाच्या ओढीकडच्या, म्हणजे पाणी बाहेर पडणाऱ्या टाकीवर असायला हवं. गरम पाणी येतं त्या टाकीवर लावलं तर वरच्या आरपीएमला पंपाचा दाब थेट झाकणाखाली येतो, पाणी ओव्हरफ्लोतून बाहेर जातं आणि लोक हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं समजून इंजिन उघडून बसतात.

तिसरी, रबर. अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर चॅसीला थेट बोल्टने आवळू नका. चॅसी पिळवटते आणि टाकीच्या वेल्डला तडा जातो. खाली-वर रबरी बुश द्या आणि थोडं हलू द्या. याशिवाय, बोअरचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधकच घाला. ग्लायकॉल (कूलंटमध्ये मिसळतात ते अँटिफ्रीझ) सांडलं की ट्रॅक निसरडा होतो म्हणून अनेक ट्रॅकवर त्याला बंदीच असते. कुठलीही अर्थ वायर (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी तार) रेडिएटरला जोडू नका, कारण कूलंटमधून वीज वाहिली की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. सगळं झाल्यावर इंजिन, फॅन, लाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी, धातूला न टेकवता, कूलंटमध्ये धरा. ही तपासणी इंजिन थंड असताना झाकण काढून, मग इंजिन सुरू करून लगेच करायची. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठलीतरी अर्थ सैल आहे. ती सापडेपर्यंत नवीन रेडिएटर घालून गाडी चालवू नका.