सौर-शोषक रंगलेप

सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या उपकरणांत ऊन झेलणाऱ्या पत्र्यावर किंवा नळ्यांवर दिला जाणारा काळा लेप. सोलर वॉटर हीटर, वाळवणयंत्रे, सौर चूल यांपासून आरशांनी ऊन एकवटणाऱ्या वीजकेंद्रांच्या मनोऱ्यांपर्यंत तो वापरतात.

ऊन शोषणे हे यातले सोपे काम. बाजारातला साधा मॅट काळा रंगही पडलेल्या उन्हापैकी सुमारे ९५ टक्के शोषतो. खरी अडचण पत्रा तापल्यावर सुरू होते, कारण मग तो स्वतःच अवरक्त किरण बाहेर टाकू लागतो. भर दुपारी दर चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडते. १०० अंश सेल्सिअसचा पूर्ण काळा पृष्ठभाग तेवढ्याच जागेतून जवळपास ११०० वॅट फेकतो. भोवतालाकडून येणारी उष्णता वजा केली तरी निव्वळ तोटा ६०० वॅटच्या घरात जातो.

सुटकेची वाट तरंगलांबीत आहे. उन्हातली जवळजवळ सगळी ऊर्जा २.५ मायक्रॉनच्या आत असते, तर १०० अंशांच्या पत्र्याचे उत्सर्जन ८ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असते. म्हणजे उन्हाला काळा आणि उष्णतेच्या किरणांना आरसा, असा लेप करता येतो. इस्रायलमधील हॅरी टेबर यांनी १९५५ मध्ये असे निवडक पृष्ठभाग मांडले. मात्र ते विद्युतविलेपनाचे होते, रंगाचे नव्हते. निर्वातात चढवलेले आजचे लेप रंगापेक्षा सरसच ठरतात. रंगाची बाजू स्वस्ताईची: फवारला, भट्टीत भाजला, झाले.

अशा रंगात तांबे, मँगनीज, लोह यांच्या मिश्र ऑक्साइडचे काळे रंगद्रव्य आणि ते धरून ठेवणारे सिलिकोन राळ असते. घात करते ती राळच. तिच्यातले सिलिकॉन-ऑक्सिजन बंध ९-१० मायक्रॉनच्या पट्ट्यात शोषतात, म्हणून तिथेच उत्सर्जनही करतात. त्यामुळे लेप चकचकीत ॲल्युमिनियम वा तांब्यावर जेमतेम २-३ मायक्रॉन ठेवावा लागतो. रंगाऱ्याने सवयीने दुसरा हात मारला की पत्रा दिसायला अधिक काळा होतो आणि उष्णता अधिक गमावतो. ॲल्युमिनियमची पापुद्र्यासारखी चकती मिसळून जाडीचे बंधन सैल करता येते, पण उत्सर्जन तितके खाली येत नाही.

मनोऱ्यावर हिशेब उलटतो. तिथे दर चौरस मीटरवर शेकडो किलोवॅट ऊन एकवटते. ६५० अंशांना उत्सर्जन फार तर ४१ किलोवॅट. म्हणून १९८२ मध्ये सुरू झालेल्या कॅलिफोर्नियाच्या सोलर वन केंद्रात पायरोमार्क हा निवडक नसलेला, पण ९६ टक्क्यांच्या आसपास शोषणारा सिलिकोन रंग चालला.

टिकाऊपणाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही शोषणातली घट पूर्ण धरतात, उत्सर्जनातली वाढ निम्मी; दोन्हींची बेरीज ०.०५ च्या आत हवी. सोलर वॉटर हीटरच्या स्वस्त काचबंद पेट्यांत मात्र रंग आधी नीट भाजलेला नसला, तर तापल्यावर त्यातून निघालेली वाफ काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर धरते आणि ऊन लेपापर्यंत पोचण्याआधीच अडते.