ओजेटीच्या मागचं शतक: ग्रंथालयशास्त्र, प्रत्यक्ष काम आणि मराठवाडा

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्युत्तर अभ्यासक्रमांची फेरमांडणी २०२३-२४ पासून सुरू झाली. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ‘ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट’ या नावाचे चार श्रेयांक (क्रेडिट) आले. एका श्रेयांकाला ३० तास धरले की १२० तास होतात, म्हणजे रोज सहा तासांप्रमाणे वीस दिवस. विद्यार्थ्यांच्या तोंडी त्याचं लगेच ‘ओजेटी’ झालं. मुलं पाठवायची कुठे, हा प्रश्न इतिहास किंवा अर्थशास्त्राच्या विभागांना नव्यानं पडला असेल. ग्रंथालयशास्त्राला तो जन्मापासून आहे. तिथे खरी अडचण जागेपेक्षा माणसाची असते. शिकणारा काम करत असताना ते तपासायला शेजारी कोण आहे?

मेल्व्हिल ड्यूई यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात १८८७ च्या जानेवारीत ग्रंथालयाचं विद्यालय उघडलं. पहिल्या तुकडीत २० जण होते, त्यांत १७ स्त्रिया. तोवर ग्रंथपाल व्हायचं तर एखाद्या ग्रंथालयात उमेदवारी करायची, एवढाच रस्ता होता. ड्यूईंनी त्या उमेदवारीला वर्गाची जोड दिली. पुढे १९२३ मध्ये चार्ल्स विल्यमसन यांचा कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी केलेला अहवाल आला: कारकुनी काम आणि व्यावसायिक काम वेगळं करा, शिक्षण विद्यापीठात न्या. मागणी रास्त होती, पण तिच्यासोबत एक सवयही आली. पुस्तक हातात घेऊन करायचं काम दुय्यम आणि त्याबद्दलचा पेपर मुख्य, असं मानलं जाऊ लागलं. ती सवय आपल्याकडेही पोचली.

भारतात सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून बोलावलेल्या विल्यम बॉर्डन यांनी १९११ मध्ये बडोद्याला प्रशिक्षणवर्ग सुरू केला. १९१५ मध्ये आसा डॉन डिकिन्सन यांनी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात तसाच वर्ग घेतला. पण देखरेखीखालच्या कामातून माणूस कसा घडतो, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण एस. आर. रंगनाथन यांचं आहे. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी लंडनला शिकायला गेले. तिथल्या विद्यालयात वर्गीकरण शिकवणारे बर्विक सेयर्स हे क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुखही होते. त्यांनी रंगनाथनांना क्रॉयडनमध्ये कामाला लावलं, आणि इतर ग्रंथालयं पाहायलाही पाठवलं. रंगनाथनांनी शंभरावर ग्रंथालयं पाहिली. शिकवणारा आणि ग्रंथालय चालवणारा एकच माणूस असल्यामुळे वर्गातली शंका फडताळासमोर सुटत होती आणि फडताळासमोर पडलेली शंका वर्गात परत येत होती. आजच्या ओजेटीत ही दोन माणसं वेगळी असतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं एकमेकांशी बोलणंही होत नाही. रंगनाथन परतल्यावर मद्रास ग्रंथालय संघाचा वर्ग १९२९ मध्ये सुरू झाला आणि १९३१ पासून तो मद्रास विद्यापीठानं चालवला.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सभा-संमेलनांना परवानगी सक्तीची करणारी गश्ती निशान ५३ लागू होती, आणि अशा काळात मराठी वाचनालय ही लोकांनी एकत्र येण्याची मोजक्या जागांपैकी एक जागा होती. ही वाचनालयं वर्गणीवर आणि स्वयंसेवकांवर चालली. नवा माणूस जुन्याच्या हाताखाली शिकायचा: आलेल्या पुस्तकांची दाखल नोंदवही कशी लिहायची, वही फाटली तर नोंदी कशा उतरवायच्या, कुणाकडून पुस्तक मागायला घरी जावं लागतं. या शिक्षणाला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही, पण देखरेख पक्की होती.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र बदललं. हैदराबाद राज्यानं १९५५ मध्ये ग्रंथालय कायदा केला. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, अंमल १ मे १९६८ पासून. या कायद्यानं ग्रंथालय कर लावला नाही. मान्यता आणि अनुदानाची रीत घातली. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आले, तपासणी आली आणि तिच्याबरोबर प्रशिक्षित माणसाची गरज आली. खेड्यातल्या ग्रंथपालांसाठी प्रमाणपत्र वर्ग चालू झाले ते या गरजेतून. त्या वर्गांना येणारी बरीच माणसं आधीपासून ग्रंथालय चालवणारी होती. त्यांना काम येत होतं; ते तसं का करायचं, हे समजून हवं होतं. आजच्या विद्यार्थ्याची गोष्ट नेमकी उलटी आहे.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालं, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये. विद्यापीठीय ग्रंथालयशास्त्रात ‘प्रात्यक्षिक’ होतंच, पण ते परीक्षेच्या टेबलावर. समोर ड्यूईंच्या दशांश वर्गीकरणाचे खंड, कागदावर दहा-बारा शीर्षकं, त्यांचे वर्गांक, म्हणजे विषय दाखवणारे अंक, काढा. मग साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरच्या पत्रावर तालिकेची (कॅटलॉगची) मुख्य नोंद लिहा, समास पाळा. गुण देता येतात, वेळ ठरते, निकाल लागतो. सोय मोठी होती. तोटा ग्रंथालयात पाय ठेवल्यावर कळतो.

ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६, त्यातली कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी-कथा ८९१.४६३. तालुक्याच्या ग्रंथालयात सगळ्यात मोठा ढीग या शेवटच्या अंकाखालीच येतो. परीक्षेत वर्गांक काढला की प्रश्न संपतो, इथे तो सुरू होतो: एकाच अंकाच्या हजारो पुस्तकांचा आपसांतला क्रम काय? त्यासाठी लेखकाच्या नावावरून लावायची लेखकखूण लागते, आणि अशा खुणांसाठी रोमन अक्षरांत केलेले कटरचे तक्ते मराठी आडनावांना बसत नाहीत. कुणी आडनावाची पहिली तीन अक्षरं घेतं, कुणी नुसता दाखल क्रमांक लावतं. जोडाक्षर एक धरायचं की दोन, हे त्या ग्रंथालयानं आधी काय केलंय ते पाहूनच ठरवावं लागतं. विद्यार्थ्यानं स्वतःच्या मतानं दीडशे पुस्तकांना नव्या खुणा लावल्या तर ती पुस्तकं फडताळावर असूनही हरवतात.

संतसाहित्याच्या नोंदी ही आपल्या भागाची खास परीक्षा. संगणकात ‘आडनाव, नाव’ अशा दोन चौकटी दिसतात आणि नवखा विद्यार्थी ‘महाराज, एकनाथ’ लिहून मोकळा होतो. पैठण किंवा अंबाजोगाईच्या ग्रंथालयात असं दोन दिवस चाललं की सगळे संत ‘म’ खाली गोळा होतात. एकनाथ, मुकुंदराज, दासोपंत, जनाबाई यांची नोंद त्यांच्या नावानंच व्हायला हवी. तसंच प्रकाशनस्थळाचं. शहरांची नावं बदलली तरी शीर्षकपृष्ठावर ‘औरंगाबाद’ किंवा ‘उस्मानाबाद’ छापलं असेल तर नोंदीत तेच राहतं. एका झटक्यात सगळीकडे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव घालणं म्हणजे पुस्तकावर नसलेली माहिती नोंदवणं.

संगणकीकरणानं कामाचा आणखी एक थर आणला. इन्फ्लिबनेटचं सोल, एनआयसीचं ई-ग्रंथालय आणि कोहा यांतलं ग्रंथालयाचं एखादं सॉफ्टवेअर आता बहुतेक महाविद्यालयांत दिसतं. जुन्या मराठी नोंदी मात्र अनेक ठिकाणी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. त्यात साठवलेली अक्षरं प्रत्यक्षात रोमन असतात, नुसता देखावा देवनागरीचा. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, नेताना चूक ठरावीक जागी होते. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये व्यंजनाच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं याच्या उलट. म्हणून ‘कविता’, ‘मूर्ती’, ‘वर्ष’ असे शब्द आधी शोधून पाहायचे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधात एक सापडतो, एक नाही. हे पुस्तकातून शिकवता येत नाही; चुकलेली नोंद समोर घेऊन कुणीतरी दाखवावं लागतं.

म्हणूनच १२० तासांत काय करवून घ्यायचं हे यजमान ग्रंथपाल आणि विभागातला मार्गदर्शक यांनी पहिल्या दिवसाआधी कागदावर ठरवावं. जमेल अशी एक वाटणी: दाखल नोंद आणि बिल पडताळणी २० तास, वर्गीकरण आणि तालिका ४०, देवघेव आणि वाचकांचे प्रश्न ३०, एका लहान विभागाची ग्रंथपडताळणी २०, अहवाल १०. पहिल्या ५० नोंदी ग्रंथपालानं सगळ्या तपासायच्या, त्यापुढे दर दहावी. रोजवहीत ‘आज २५ पुस्तकं केली’ एवढं पुरत नाही. कोणती नोंद चुकली आणि का, हे हवं. एका ग्रंथालयात दोन-तीनपेक्षा जास्त मुलं पाठवली की तपासणी सुटते. ग्रंथपडताळणीत पुस्तकं कमी भरली तर विद्यार्थी घाबरतो. त्याला केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतलं प्रमाण सांगावं: वर्षभरात दिलेल्या आणि संदर्भासाठी वापरलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचपर्यंतची घट, हलगर्जी किंवा अफरातफर नसेल तर, वाजवी मानली जाते.

बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक समितीची भेट जवळ आलेलं महाविद्यालय विद्यार्थ्यांना वीसही दिवस बारकोड चिकटवायला बसवतं. ग्रंथपालाचं पद रिकामं असलेल्या ठिकाणी सही करायला लिपिक असतो, तपासायला कुणी नसतं. अशा ठिकाणी मुलं पाठवूच नयेत, कितीही जवळ असलं तरी. मे महिन्यात महाविद्यालयीन ग्रंथालयात वाचकच नसतात, त्यामुळे देवघेवीचे ३० तास कोरडे जातात. सार्वजनिक ग्रंथालयात उन्हाळी सुट्टीची बालवाचकांची गर्दी असते, पण लहान ग्रंथालयं बहुतेक सकाळ-संध्याकाळ मोजके तासच उघडतात. रोज तीन तासांप्रमाणे १२० तासांना ४० दिवस लागतात. त्यामुळे एकाच गावातलं महाविद्यालय आणि सार्वजनिक ग्रंथालय मिळून एक जागा धरावी, दुपारी नोंदींचं काम, संध्याकाळी देवघेव, आणि दोन्हीकडच्या तासांवर वेगवेगळ्या सह्या. विद्यापीठाकडून जाणाऱ्या पत्रात दोन्ही ग्रंथालयांची नावं आणि दोन्ही मार्गदर्शकांची नेमणूक सुरुवातीलाच असावी. मागाहून दुसऱ्या जागेचे तास मंजूर करून घेताना परीक्षा विभागात फाइल अडकते.