हार्टचा आजार असलेल्या पोरांशी डॉक्टर थेट बोलायला कधी लागले? थोडी पार्श्वभूमी

आज जन्मजात हार्ट डिसीज असलेल्या टीनेजर्ससाठी माहितीपुस्तिका आहेत, ॲप्स आहेत, मोठ्या हॉस्पिटलांत वेगळी ट्रान्झिशन क्लिनिक्स (मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायची तयारी करून घेणारी) पण असतात. पण हे सगळं फार उशिरा आलंय, आणि त्या उशिराचं कारण एकदम साधं आहे, ही पोरं मोठी होतील असं कुणाला वाटलंच नव्हतं.

१९३८ मध्ये बोस्टनला रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीची उघडी राहिलेली डक्टस (हार्टजवळची, जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी रक्तवाहिनी) बांधली, त्याआधी जन्मजात दोषावर सर्जरी म्हणून धड काही नव्हतंच. मग १९४४ ला बाल्टिमोरमध्ये निळ्या पडणाऱ्या बाळांसाठी ब्लॅलॉक, टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांचा शंट (फुप्फुसाकडे जास्त रक्त पोचवणारी जोडवाट) आला (थॉमस यांचं नाव त्यात जोडलं जायला पुढे कित्येक वर्षं गेली, तो वेगळाच विषय), १९५३ ला गिबन यांचं हार्ट-लंग मशीन (ऑपरेशनच्या वेळी हार्ट आणि फुप्फुसांचं काम करणारं) वापरून ऑपरेशन यशस्वी झालं आणि १९७१ मध्ये फॉन्टन यांनी त्यांचं ऑपरेशन जगासमोर मांडलं, म्हणजे हार्टचा एकच पंप नीट चालत असला तरी मूल जगवता येईल अशी सोय. तीसेक वर्षांत चित्रच पालटलं. पण या सगळ्या काळात बोलणं व्हायचं आईवडिलांशी. मूल टेबलावर, आई खुर्चीत, डॉक्टर आईला सांगणार. बाळ चार महिन्यांचं असताना त्यात काही चूक नव्हती, गडबड अशी झाली की तेच बाळ सतरा वर्षांचं झालं तरी सीन तोच राहिला. गोळ्या कुठल्या चालू आहेत असं डॉक्टरांनी विचारलं की पोरगं आईकडे बघणार आणि आई नाव, डोस, वेळ सगळं धडाधड सांगून टाकणार.

त्यात भर म्हणून ऑपरेशन झालं म्हणजे पोर बरं झालं असा समज, आणि तो फक्त घरच्यांचा नव्हता, सुरुवातीला डॉक्टरांनाही लांबचं काही दिसत नव्हतं कारण लांबवर पोचलेले पेशंटच नव्हते. फॅलोट्स टेट्रालॉजीचं (हार्टमध्ये जन्मतः चार दोष एकत्र असलेला आजार) ऑपरेशन लहानपणी झालेल्यांमध्ये पुढे कित्येक वर्षांनी पल्मनरी वॉल्व्ह (फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप) लीक होत राहतो, उजवं व्हेंट्रिकल (हार्टचा खालचा कप्पा) हळूहळू मोठं होतं, ठोके बिघडतात, आणि बऱ्याच वेळा तोपर्यंत पेशंटला काहीच जाणवत नाही, दम लागत नाही, दुखत नाही. मग काही होत नसताना चेकअपला कशाला जायचं, हा प्रश्न त्या वयात कुणालाही पडणारच.

ऑपरेशननंतरही आजार पुढे चालूच राहतो याची कल्पना पहिल्यांदा आली ती मोठ्यांच्या क्लिनिकमधून. टोरांटोमध्ये १९५९ पासून अशा मोठ्या झालेल्या पेशंटसाठी क्लिनिक सुरू झालं, लंडनमध्ये जेन सॉमरव्हिल यांनी सत्तरच्या दशकात वेगळा वॉर्ड उभा केला. रुमॅटिक हार्ट डिसीजचा (हा जन्मजात नाही, घशाच्या इन्फेक्शननंतर येणाऱ्या तापातून हार्टच्या झडपा खराब होतात) इतिहास जरा वेगळा, तिथे आधी महिनोन्महिने पलंगावर झोपवून ठेवायचे, पेनिसिलिन आल्यावर दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. इंजेक्शन चांगलंच दुखतं आणि पोरगं तर धडधाकट फिरत असतं, त्यामुळे हे का घ्यायचं ते त्यालाच पटवावं लागणार हे तिथे लवकर कळलं.

पेशंट एज्युकेशनमध्ये डायबेटिस आणि दमावाले खूप पुढे होते. माझ्या मते त्याचं कारण असं की शुगर रोज मोजता येते, आज चूक केली तर संध्याकाळी आकडा दिसतो. हार्टच्या बऱ्याच पोरांकडे असा रोजचा आकडाच नाही, त्यामुळे शिकवायचं नेमकं काय इथूनच सुरुवात. १९९८ मध्ये डब्ल्यूएचओने दीर्घ आजारांसाठी पेशंटला शिकवण्यावर रिपोर्ट काढला, त्यात शिकवणं हा उपचाराचाच भाग धरलेला होता.

मग २००१ साली बेल्जियममधल्या लूव्हनच्या फिलिप मून्स आणि सहकाऱ्यांनी मोठ्या झालेल्या पेशंटना प्रश्नावली दिली. उत्तरं वाचण्यासारखी आहेत. चेकअपला किती दिवसांनी यायचं, दातांची काळजी घ्यायची, हे बऱ्याच जणांना माहीत. पण आपला दोष नेमका काय, एन्डोकार्डायटिस (रक्तात गेलेल्या जंतूंमुळे हार्टच्या आत होणारं इन्फेक्शन) म्हणजे काय, तब्येत बिघडतेय हे कुठल्या लक्षणांवरून ओळखायचं, इथे मोठमोठी भोकं. म्हणजे नियम पाठ होते, कारणं कुणी सांगितलीच नव्हती.

नुसत्या नियमांचं काय होतं ते २००७ मध्ये दिसलं. दाताचं काम करायच्या आधी अँटिबायोटिक घ्यायचंच हे कित्येकांच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनने त्या वर्षी ती यादी एकदम आखूड केली, आता फक्त जास्त धोका असलेल्यांना. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या नाइसने (उपचारांचे नियम ठरवणारी तिथली सरकारी संस्था) तर सरसकट द्यायचंच बंद करायला सांगितलं. रोज दात घासल्याने आणि हिरड्या नीट ठेवल्याने रक्तात जाणारे जंतू कमी होतात हे ज्याला माहीत होतं त्याला बदल कळला, बाकीच्यांना वाटलं काल खरं सांगत होते की आज?

दुसरा धक्का कॅनडातून. २००४ मध्ये ऑन्टारिओतला अभ्यास आला, गुंतागुंतीचा दोष असलेल्या १९ ते २१ वयाच्या पेशंटपैकी मोठ्यांच्या स्पेशल सेंटरला नीट पोचलेले फक्त ४७ टक्के. आणि कोण पोचलं? जे आईवडिलांशिवाय अपॉइंटमेंटला जात होते, ज्यांच्या फाइलमध्ये पुढे कुठे जायचं ते लिहून ठेवलेलं होतं, वगैरे. इतक्या साध्या गोष्टी! यानंतर ट्रान्झिशन हा शब्द सगळीकडे ऐकू यायला लागला आणि २०११ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने त्यावर स्वतंत्र निवेदनच काढलं.

शिकवून फरक पडतो का हे तपासायला अल्बर्टामध्ये नर्सने तासभर पोरांशी एकट्याने बोलायचं असा प्रयोग झाला, निकाल २०१४ मध्ये आला. आपल्या हार्टमध्ये नेमकं काय आहे, काय दुरुस्त केलंय, पुढे काय होऊ शकतं, आणि जवळ ठेवायला स्वतःच्या आजाराचा छोटा पासपोर्ट. ज्ञान आणि स्वतःचं स्वतः सांभाळण्याचे स्कोअर वाढले, आणि नंतरच्या मोठ्या ट्रायलमध्ये मोठ्यांच्या क्लिनिकला पोचायला लागणारा उशीरही कमी झाला. एक-दोन तास बोलण्याने हे होत असेल तर तो वेळ आधीच का नाही दिला असं वाटतंच.

आता सुरुवात साधारण १२-१४ व्या वर्षापासून करावी असं म्हणतात, डॉक्टरांनी प्रश्न आधी पोराला विचारायचा आणि भेटीतला थोडा वेळ आईवडील बाहेर. खोलीत आई असेल तर दारू, सिगारेट, टॅटू, सेक्स यातलं कुणी काही विचारत नाही, आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असलेल्या मुलीला प्रेग्नन्सीत त्या गोळीचा बाळाला धोका असतो हे प्रेग्नंट राहायच्या आधी कळायला हवं, नंतर नाही.