मार्क, संत

ख्रिस्ती धर्मग्रंथातील, येशूचे जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत लहान (16 अध्याय) आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सर्वांत जुने शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे, तो इ. स. पहिल्या शतकातील लेखक. मूळ मजकुरात लेखकाचे नाव कोठेही नाही. परंपरेने मात्र ‘प्रेषितांची कृत्ये’ या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींचा इतिहास सांगणाऱ्या ग्रंथातील ‘योहान ऊर्फ मार्क’ हाच तो लेखक मानला आहे. योहान हे त्याचे यहुदी नाव, मार्क हे रोमन.

त्याची आई मरिया हिचे यरुशलेममधले घर म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींचा प्रार्थनेचा अड्डाच होता. घर खाऊनपिऊन सुखी असावे, कारण दार उघडायला रुदा नावाची दासी होती. तुरुंगातून सुटलेल्या पेत्राने, येशूच्या प्रमुख शिष्याने, रात्री याच दारावर थाप मारली. आवाज ओळखून रुदा इतकी हरखली, की दार उघडायचे सोडून आत सांगत सुटली; आतल्यांनी तिलाच वेड्यात काढले. पेत्र बिचारा बाहेर दार ठोठावतच राहिला.

बर्णबा हा मार्कचा नात्यातला भाऊ. बर्णबा व पौल या धर्मप्रसारकांनी पहिल्या धर्मप्रसार-प्रवासात त्याला मदतनीस म्हणून नेले. सायप्रसपर्यंत सारे ठीक होते. पुढे आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) किनाऱ्याजवळ, पिर्गा येथे, तो दोघांना सोडून यरुशलेमला परतला. कारण ग्रंथात दिलेले नाही. समोर तॉरस पर्वताची चढण होती, एवढे नकाशा सांगतो. पौलाच्या मनातून ही गोष्ट गेली नाही. पुढच्या खेपेला मार्कला पुन्हा न्यावे, असे बर्णबाने म्हणताच दोघांचे असे बिनसले की वाटाच वेगळ्या झाल्या : बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला गेला, पौलाने सीलाला बरोबर घेतले. कालांतराने मात्र पौलाच्या पत्रांत मार्क सहकारी म्हणून येतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर ‘मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे’ असा निरोप आहे. ते पत्र खुद्द पौलाचे की नाही, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

दुसऱ्या शतकातील बिशप पापियास याच्या म्हणण्यानुसार मार्क हा पेत्राचा दुभाषा होता. पेत्राच्या आठवणी त्याने अचूक लिहिल्या, पण क्रमाने नव्हे. लेखन साधारण इ. स. 65 ते 70 च्या सुमाराचे मानतात. ग्रीक भाषा साधी, काहीशी ओबडधोबड, आणि वेग विलक्षण : ‘लगेच’ या अर्थाचा शब्द चाळीसेक वेळा येतो. तरीही बारकावे सुटत नाहीत. वादळात येशू नावेत झोपला आहे हे इतर शुभवर्तमानांतूनही कळते. तो मागच्या भागात होता आणि डोक्याखाली उशी होती, हे फक्त मार्क सांगतो. ‘तलिथा कूम’ (‘मुली, ऊठ’) यांसारखे अरामी शब्द तो जसेच्या तसे ठेवतो व अर्थ देतो. विधवेने टाकलेल्या दोन बारीक ग्रीक नाण्यांची किंमत तो रोमन नाण्यात सांगतो, त्यावरून वाचक रोममधले असावेत असा तर्क केला जातो.

त्याने रंगवलेले येशूचे शिष्य घाबरट आणि मंदबुद्धी आहेत. येशूला अटक होताच सगळे पळतात. अंगावर फक्त तागाची चादर असलेला एक अनाम तरुण तर ती पकडणाऱ्यांच्या हातात सोडून उघडाच पळतो. हा तरुण म्हणजे मार्क स्वतःच, असा जुना तर्क आहे. पुरावा नाही, पण पिर्ग्याची हकीकत वाचल्यावर तो सहज पटावासा वाटतो. चौथ्या शतकातील दोन प्रमुख हस्तलिखितांत ग्रंथही पळण्यावरच थांबतो : येशूची रिकामी कबर पाहून स्त्रिया पळाल्या, कोणाला काही बोलल्या नाहीत, ‘कारण त्या भ्याल्या होत्या’. पुढची बारा वचने नंतर जोडलेली मानतात.

अलेक्झांड्रियाच्या चर्चचा संस्थापक व तेथील हुतात्मा म्हणून कॉप्टिक (इजिप्तचे) ख्रिस्ती त्याला पूज्य मानतात. पाश्चात्त्य चर्चमध्ये 25 एप्रिल हा त्याचा सण. पंखांचा सिंह हे त्याचे चिन्ह. त्याचे म्हणून जपलेले अवशेष 828 मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियाहून पळवले. मुसलमान जकातदारांनी हात लावू नये म्हणून वर डुकराचे मांस पसरले होते, अशी आख्यायिका आहे. त्यांतील काही भाग 1968 मध्ये पोप सहावे पॉल यांनी कॉप्टिक चर्चला परत दिला. तो आता कैरोत आहे.