परसबाग (पुणे परिसर)

परसबाग : घराच्या मागील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत मुख्यतः घरच्या वापरासाठी भाज्या, फळझाडे, फुलझाडे व औषधी वनस्पती लावून केलेली लहान बाग. पुण्यातील जुन्या वाड्यांच्या परसात विहीर किंवा आड असे आणि न्हाणीचे सांडपाणी केळी, अळू व कर्दळीकडे वळविले जाई. कढीलिंब, लिंबू, जास्वंद व गवती चहा ही तेथील नेहमीची झाडे होत. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्यावर परस उरले ते प्रामुख्याने बंगल्यांमागे, रो-हाउसलगत आणि काही तळमजल्यांच्या सदनिकांपुढे.

नवशिक्याची बाग बहुधा बियाण्यामुळे नव्हे, तर जमिनीमुळे फसते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंचीवरील हे शहर बेसाल्ट खडकावर वसलेले असून नदीकाठच्या सखल भागात त्या खडकाच्या झिजेतून बनलेली खोल काळी माती, तर टेकड्यांच्या उतारावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. काळी माती पावसात चिकट होऊन पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात चुन्याचे प्रमाण अधिक असल्यास झाडांना लोह मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. ही पिवळी पाने म्हणजे पाणी कमी पडल्याचे लक्षण असे समजून आणखी पाणी घालणे ही नेहमी आढळणारी चूक होय. नव्या इमारतींभोवती तर पुष्कळदा माती नसतेच. असतो तो वर पातळ थर पसरलेला राडारोडा. म्हणून फूट-दीड फूट खोल खड्डा घेऊन खाली काय आहे ते पाहावे व त्यात पाणी ओतावे. काही तासांनंतरही पाणी जिरले नाही, तर जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा करणे श्रेयस्कर. राडारोडा निघाल्यास तो उपसून पोयटा (गाळाची सुपीक) माती भरण्याला पर्याय नाही. मातीत कुजलेले शेणखत किंवा स्वयंपाकघरातील ओला कचरा व वाळलेला पालापाचोळा यांचे कंपोस्ट भरपूर मिसळावे. ताजे शेण घातल्यास मुळे पोळतात व हुमणीचा (मुळे खाणाऱ्या अळीचा) उपद्रव वाढतो.

जागा निवडताना रोज किमान पाच ते सहा तास ऊन मिळते ना, हे पाहावे. शेजारच्या इमारतीची सावली हिवाळ्यात लांबते, त्यामुळे मे महिन्यात उन्हात असलेला कोपरा डिसेंबरात सावलीत जाऊ शकतो.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मि.मी. पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. पहिल्या सरींबरोबर बागेचा उत्साह येतो खरा, परंतु पालेभाज्यांची रोपे पावसाच्या माऱ्याने झोपतात, मुळाशी कुजतात आणि गोगलगायींच्या तोंडी पडतात. त्या दिवसांत मांडवावरचे दोडका, कारले, घोसाळे यांसारखे वेल किंवा भेंडी घ्यावी. भेंडीसाठी केवडा रोगाला (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणुजन्य रोगाला) प्रतिकारक असलेला परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका हा वाण निवडावा. अगदी पहिली पेरणी मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास, चार फूट रुंदीच्या एकाच वाफ्यात करणे सोयीचे, कारण तेवढ्या रुंदीच्या वाफ्यात दोन्ही बाजूंनी हात पोचतो व माती तुडवली जात नाही. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढणीला येते, त्यामुळे चुकले तरी फारसे वाया जात नाही. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन फोडी करून पेरतात. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा बी फुकट गेले असे समजून वाफा उकरू नये. टोमॅटो, वांगी व मिरची यांची तयार रोपे सोलापूर रस्त्यावरील रोपवाटिकांत मिळतात आणि प्रारंभी तीच घेणे शहाणपणाचे.

पाणी रोज थोडे शिंपडण्यापेक्षा बोट खुपसून माती कोरडी लागल्यावरच भरपूर द्यावे. सांडपाण्याची जुनी रीत आज जशीच्या तशी चालत नाही, कारण डिटर्जंटमधील सोडियम काळ्या मातीची घडण बिघडवतो. मावा व पांढरी माशी हे रस शोषणारे कीटक दिसताच पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्यास ५० ग्रॅम निंबोळ्यांचा चुरा रात्रभर भिजवून गाळलेले द्रावण, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारतात.