डाउनरिगरचं वजन : कोणतं घ्यावं, कसं बसवावं

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दुकानात आल्यावर बहुतेक जण विचारतात, "किती किलोचा गोळा घेऊ?" आमचा उलट प्रश्न असतो, होडी किती नॉटने (नॉट म्हणजे होडीच्या वेगाचं माप) चालवणार? गोव्याच्या किनाऱ्यालगत समुद्र फारसा खोल नाही. हौशी होड्या गळ ओढत फिरतात त्या बहुतेक जागी १० ते २५ मीटर पाणी मिळतं. एवढ्या पाण्यात खोलीपेक्षा वेगच जास्त त्रास देतो.

डाउनरिगर म्हणजे होडीच्या काठावर बसवायचं, तारेच्या टोकाला जड गोळा बांधून तो पाण्यात सोडणारं मशीन. त्याचं काम सोपं आहे. गळाची दोरी तारेवरच्या क्लिपमध्ये अडकवायची आणि गोळ्याबरोबर हव्या त्या खोलीवर सोडायची. मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते, मग इसवण असो की मोडसो, वजनाचं ओझं नसताना खेळवता येतो.

वेग आणि तार

होडी चालू लागली की तार मागे झुकते. गोळा जड नाही म्हणून असं होतं, असं वाटतं. पण १५ मीटर तार सोडली असेल तर पाण्याचा रेटा गोळ्यापेक्षा तारेवरच कितीतरी जास्त असतो. म्हणून जाड तारेवर जड गोळा लावण्यापेक्षा बारीक तार आधी घ्या. आणि वेग दुप्पट केला की हा रेटा चौपट होतो. ३ नॉटला नीट चालणारा गोळा ६ नॉटला वर येऊन मागे तरंगल्यासारखा दिसतो तो यामुळेच.

तार उभ्या रेषेपासून ३० अंश झुकली असेल तर २० मीटर तार सोडूनही गोळा ढोबळमानाने १७ मीटरवर असतो; ४५ अंश झुकली तर १४ वर. मशीनवरच्या काउंटरचा आकडा म्हणजे सोडलेली तार, खोली नव्हे. फिशफाइंडरवर (पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारं यंत्र) गोळा दिसत असेल तर तोच आकडा खरा धरा.

आमची शिफारस

वजनं बहुधा पौंडात येतात. २ ते ३ नॉटने ताजं किंवा जिवंत आमिष ओढणार असाल तर १० पौंड, म्हणजे साधारण ४.५ किलो, गोव्यात बहुतेक कामाला पुरतं. लहान आउटबोर्डच्या (मागे बाहेर इंजिन लावलेल्या) होडीला, १० मीटरच्या आत, ६ पौंड (२.७ किलो) चालेल, कारण काठावर एका बाजूला जड गोळा लोंबकळला की अशी होडी कलते. २५ मीटरजवळ किंवा ४ नॉटला १२ पौंड घ्या. त्याहून वेगाने ओढायचे लूर (बनावट आमिषं) असतील तर डाउनरिगर विकत घेऊ नका, हे आम्ही विक्रेते असूनही सांगतो. तिथे डायव्हिंग प्लॅनर, म्हणजे ओढल्यावर पाण्याच्या रेट्याने आमिष खाली नेणारी पट्टी, बरा.

शिसं की लोखंड? शिशाची घनता जास्त असल्यामुळे गोळा लहान राहतो आणि पाण्याचा रेटा कमी बसतो. ४.५ किलोचं शिसं पाण्यात सुमारे ४.१ किलो भरतं, लोखंड ३.९. फरक मोठा नाही, पण लोखंड गंजतं. शिसं मात्र विषारी आहे. प्लास्टिकचं आवरण असलेलाच गोळा घ्या, हाताळल्यावर हात धुवा, आणि जुनं शिसं घरी वितळवून गोळे ओतू नका. आकारात आम्ही मागे पंख असलेला गोळा सुचवतो. साधा गोळा गिरक्या घेतो आणि तारेला पीळ पडतो.

बसवताना

मशीन काठाला स्टेनलेसच्या बोल्टांनी, खाली आधारपट्टी देऊन बसवा. फायबरच्या काठाला नुसते स्क्रू पुरत नाहीत. मशीनची दांडी होडीच्या पंख्यापासून दूर राहील अशी बाजू निवडा. तार आणि गोळ्यामध्ये रबरी स्नबर लावा, लाटेचा झटका तो सोसतो.

आमिष गोळ्याच्या मागे ६ ते १५ मीटर ठेवा. पाणी नितळ असेल तर जास्त. क्लिपचा ताण हाताने तपासा. ओढून पाहताना दोरी सहज सुटली पाहिजे, पण लाटेच्या हेलकाव्याने नाही. खाली सोडताना ब्रेक हळू सैल करा. ब्रेक पूर्ण आवळू नका. गोळा अडकला तर तार सरकायला हवी, होडीला ओढ बसायला नको.

गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाच्या आसपास खडक आहेत आणि बुडालेल्या जहाजांचे सांगाडेही. तिथे गोळा तळापासून २–३ मीटर वर ठेवा. होडी एकदम थांबवू नका, गोळा थेट तळाला जातो. वळण मोठं घ्या. पुढे जाळ्याचे बोये दिसले तर गोळा आधी वर घ्या, मग वळा. जाळं दुसऱ्याच्या पोटाचं आहे.

रॉड वाकून क्लिपला धरलेला असतो. मासा लागला की तो क्षणभर सरळ होतो, मग पुन्हा वाकतो. सरळ झाला त्याच क्षणी रील फिरवायला लागा.

परत आल्यावर

मशीन, तार, क्लिप गोड्या पाण्याने धुवा. तारेच्या टोकाचा शेवटचा एक मीटर बोटांनी नव्हे, कापडाने पुसून पाहा. तुटलेल्या तारेचं कुसळ लागलं तर तेवढा तुकडा कापून नवीन फास करा. जून–जुलैत पावसाळी मासेमारी बंदी असते, तेव्हा मशीन उतरवून घरी ठेवा आणि गोळा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. आवरण फुटलेले जुने गोळे आमच्याकडे आणून द्या, कचऱ्यात टाकू नका.